द्विपक्षपद्धती : नायजेरियाचा धडा

बहुविध समाजाला दोनच पक्ष पुरतील काय, या चर्चेत आपण नेहमी ब्रिटन-अमेरिकेचे दाखले देतो. आम्हांला नायजेरियाचा दाखला अधिक बोलका वाटतो. १९८९ मध्ये लष्करशहा इब्राहिम बाबांगिदा यांनी नोंदणीसाठी आलेल्या सर्व १३ संघटना नाकारल्या आणि सरकारी आदेशाने दोन पक्ष निर्माण केले : एक किंचित डावा, दुसरा किंचित उजवा. कार्यालयेही सरकारनेच बांधून दिली.

प्रयोग अगदीच निष्फळ ठरला नाही. १२ जून १९९३ च्या अध्यक्षीय निवडणुकीत नैऋत्येचे योरुबा नेते मोशूद अबिओला यांनी उत्तरेतील प्रतिस्पर्धी बशीर टोफा यांना त्यांच्याच कानो राज्यात मागे टाकले. वांशिक कुंपणे मतदारांनी ओलांडली होती. परंतु २३ जूनला बाबांगिदांनी ही निवडणूकच रद्द केली. नोव्हेंबरमध्ये सत्ता बळकावणाऱ्या सानी अबाचा यांनी दोन्ही पक्ष बरखास्त केले. आदेशातून जन्मलेल्या पक्षांना आदेशाविरुद्ध उभे राहण्याचे बळ नव्हते.

आपल्याकडे १९७७ मध्ये स्वेच्छेने एकवटलेला जनता पक्षही १९७९ मध्ये दुहेरी सदस्यत्वाच्या वादात फुटला. मतदार दोन बाजूंना एकवटू शकतात, हे दोन्ही अनुभव सांगतात. ते एकवटणे टिकवायचे की मोडायचे, हा अधिकारही त्यांच्याचकडे राहावा, असे आम्हांला वाटते.