अभंग चित्रात उतरतो तेव्हा

मित्रहो, जगदंबेच्या या केळापुरात आज आपण संतांकडे वळणार आहोत, पण जरा वेगळ्या वाटेने. ती वाट मुलांच्या चित्रकथांची आहे.

१९६७ साली अनंत पै यांनी ‘अमर चित्र कथा’ सुरू केली. पुढे त्यात तुकाराम, चोखामेळा, मीराबाई, कबीर आले. पण बघा, अंक निघाले ते कवींच्या चरित्रांवर, कवितांवर नाही. असं का व्हावं?

चित्रकथेला घटना लागते. भावकवितेत घटना नसते, मनाची अवस्था असते. मग घटना आणायच्या कुठून? त्या आयत्या तयार होत्या. महिपतींनी १७६२ मध्ये ‘भक्तविजया’त संतचरित्रं ओवीबद्ध केली. १९३६ मध्ये प्रभातचा ‘संत तुकाराम’ आला आणि वैकुंठाचं विमान लोकांच्या डोळ्यांत बसलं. त्यातलं शांताराम आठवले यांचं एक गीत तर अनेकांनी तुकोबांचाच अभंग मानलं! चरित्राची पकड ही अशी असते.

ही अडचण एकट्या मराठीची नाही. आपल्या एकनाथांच्या काळात स्पेनमध्ये हुआन दे ला क्रूस हा संतकवी होऊन गेला. १५७७ मध्ये त्याच्याच पंथातल्या लोकांनी त्याला तोलेदोच्या मठात कोंडलं. तिथे त्याने कविता रचल्या आणि पुढच्या वर्षी तो निसटला. ती कोठडी, ते निसटणं काढायला सोपं आहे. पण त्याच्या कवितेत जीव ज्या रात्री देवाच्या भेटीला निघतो, त्या रात्रीला नुसती काळी शाई पुरत नाही.

आम्ही तत्त्वज्ञानाची माणसं, म्हणून आम्हाला इथे एक भेद दिसतो. वारकरी अभंग म्हणतो तेव्हा त्यातला ‘मी’ त्याचा स्वतःचा होतो. चित्रात मात्र फुग्याचं शेपूट एकाच तोंडाकडे वळतं. ‘मी’चा ‘तो’ होतो आणि वाचणारा बाहेरच उभा राहतो.

चोखोबांच्या बाबतीत हे फार महागात पडतं. त्यांनी शिवाशिवीबद्दल थेट विठ्ठलाला प्रश्न केले. चरित्रकथेत त्याला चमत्काराचं उत्तर मिळतं, देव धावून येतो आणि पान संपतं. पोराला वाटतं, चला, प्रश्न मिटला. मिटला कुठे? चोखोबांची समाधी पंढरपुरात महाद्वाराबाहेर, पायरीपाशीच आहे. आणि त्या देवळात सर्वांना प्रवेश मिळावा म्हणून १९४७ मध्ये साने गुरुजींना प्राण पणाला लावून उपोषण करावं लागलं.

म्हणून चित्रकथा नकोत, असं आमचं म्हणणं नाही. आमच्या पिढीपेक्षा आजच्या मुलांना चित्राची भाषा जास्त कळते. एवढंच करावं, की अभंगाचे शब्द फुग्यात कोंडू नयेत, चौकटीखाली मोकळे ठेवावेत. वर चित्र आजच्या माणसांचं असावं, कापूस वेचणाऱ्या बाईचं, शाळेच्या दारात थबकलेल्या पोराचं. आणि शेवटची चौकट रिकामी सोडावी. प्रश्न देवाला विचारला असला, तरी उत्तर आपल्याला द्यायचं आहे.