जळमटं

घट बसायच्या आधी घरातली जळमटं निघालीच पाहिजेत, हा आमच्या आईचा कायदा. पितृपक्षात उन्हाचा दिवस बघून ती डोक्याला फडकं बांधायची. दिवाळीत लक्ष्मी म्हणून पुजलेली केरसुणी तोवर झिजलेली असे. ती बांबूच्या टोकाला सुंभाने आवळली की झालं हत्यार तयार.

आमचं वसईचं घर कौलारू, वर माळा, मागे चूल. माळ्यावर राजेळीचे घड पिकायला टांगलेले. केळ्यांवर चिलटं, चिलटांमागे कोळी. त्यात चुलीचा धूर कौलांतून बाहेर पडता पडता जाळ्यात अडकायचा, नि पांढरं जाळं काळं होऊन लोंबायचं. ताजं ते कोळिष्टक, काजळी धरलेलं ते जळमट, असं आमच्या घरात म्हणत. वैशाखात कौलं चाळायला माणसं वर चढली की निम्मी जळमटं आपसूक खाली यायची, आमटीतसुद्धा! पण पावसाळ्यात कोळी पुन्हा संसार थाटायचाच.

कोयता लागला तर जळमट जखमेवर दाबायची तेव्हा पद्धत होती. मीही दाबलंय. डॉक्टरांनी धनुर्वाताचं इंजेक्शन देताना जे सुनावलं ते अजून आठवतं. कुणी करू नये.

बाहेरच्या जाळ्यांना मात्र आई हात लावू देत नसे. वाडीत दोन केळींच्या मधे, बावखलाच्या काठाला, सकाळी दव पडलं की ती दिसायची. एरवी थेट तोंडावर बसायची. मी काठी उगारली की आई म्हणे, "तो आपले मच्छर खातो. त्याचं घर कशाला मोडतोस?"

1975 साली अकरावीऐवजी दहावीची परीक्षा सुरू झाली, त्या पहिल्या बॅचमधला मी. पास होऊन वाडीतच राहिलो. धाकटा भाऊ विरार लोकल पकडून मुंबईला नोकरीला लागला. आई गेल्यावर घराची वाटणी झाली. ओटीच्या मधोमध जी तुळई आहे तिच्या उत्तरेचं माझं, दक्षिणेचं त्याचं. त्याने फ्लॅट घेतला, खोल्यांना कुलूप घातलं.

मग मी तुळईपर्यंतच जळमटं काढायला लागलो. पलीकडे काठी नेली नाही. कोळ्याचा एक धागा माझ्या वाशाला, दुसरा त्याच्या. मी माझ्याकडचा तोडायचो. अर्धं जाळं पलीकडे लोंबत राही. बायको म्हणायची, "अहो, हात लांबवला तर काय झिजणार आहात?" 2009 ला महानगरपालिका झाली, आजूबाजूला इमारती उठल्या, पण माझी काठी तुळईशीच थांबायची.

गेल्या वर्षी जागेला गिऱ्हाईक घेऊन भाऊ आला. कुलूप उघडलं तर दारातच जाळं त्याच्या चष्म्यावर बसलं. गिऱ्हाईक मागे सरकलं. भाऊ म्हणाला, "दादा, काठी कुठाय?"

मी दिली. गुडघ्यामुळे त्याला वर पोचेना, म्हणून परत घेतली. जाताना किल्ली माझ्या हातात ठेवून गेला. विकायचं की नाही यावर दोघंही बोललो नाही. सह्या अजून व्हायच्यात.

यंदा पितृपक्षात दोन्ही बाजू काढल्या. गॅस आल्यापासून जळमटं काळी होत नाहीत, सगळी पांढरीच निघाली. फक्त त्याच्या माळ्यावर घड टांगायचे आईचे दोर होते, ते काळे. ते तसेच ठेवलेत.