पाणचक्की: पर्यटनस्थळ नव्हे, वक्फ

औरंगाबादची पाणचक्की आज तिकीट काढून पाहायची जागा आहे. मुळात ती खैरात होती. नक्शबंदी सूफी बाबा शाह मुसाफिर यांच्या खानकाहसाठी लांबच्या डोंगरातून मातीच्या नळांनी पाणी आणले गेले. त्या पाण्यावर जाते फिरे आणि फकीर, वाटसरू, विद्यार्थ्यांसाठी पीठ दळले जाई.

वक्फ म्हणजे मूळ वस्तू राखायची, लाभ वाटायचा. ती विकता येत नाही, वारसांत वाटता येत नाही. म्हणून दर्गा, हौद आणि वडाचे झाड एकत्र टिकले.

शहर वाढले तशी नहरीच्या वाटेवर बांधकामे उभी राहिली. नुसता दर्गा रंगवून ही अमानत सांभाळली जाणार नाही. डोंगरापासूनची पाण्याची वाटही मोकळी ठेवावी लागेल.