बालकर्करोग व कौटुंबिक आर्थिक स्थिती
सधन समाजांत बालकर्करोगाची, विशेषतः रक्तकर्करोगाची, नोंद अधिक आढळते. म्हणून गरिबी मुलांचे रक्षण करते असे नव्हे. ताप, रक्तक्षय, गाठी ही लक्षणे साध्या आजारांसारखीच असल्याने निदान अनेकदा होतच नाही, आणि निदानाविना दगावलेले मूल नोंदवहीत येतच नाही. भारतात मुलींची नोंद मुलांपेक्षा केवळ जैविक फरकाने उलगडणार नाही इतकी कमी आहे, ती याचीच साक्ष. बालपणी संसर्ग उशिरा झाल्याने सधन मुलांत धोका वाढतो, हे कर्करोग-संशोधक मेल ग्रीव्ह्ज यांचे मत विचारार्ह आहे. पण ते मुख्यतः तीव्र लिंफोब्लास्टिक रक्तकर्करोगापुरतेच आहे. निदान झाले तरी गरिबांना उपचार सोपे नसतात: मध्य प्रदेशातील महूच्या एखाद्या मजूर कुटुंबाला उपचारांसाठी इंदूर, प्रसंगी मुंबईचे टाटा रुग्णालय गाठायचे तर प्रवास, निवास आणि बुडणारी मजुरी सोसावी लागते. सधन देशांत ८० टक्क्यांहून अधिक मुले बरी होतात, अनेक गरीब देशांत ३० टक्क्यांहून कमी. आर्थिक स्थिती आजारापेक्षा जगण्याची संधी अधिक ठरवते. हा अन्याय टाळता येण्याजोगा आहे.