माळावरचीं माणसें

सन १९२७ च्या डिसेंबर महिन्याच्या पहिल्या दिवशीं शिकागो शहराचे महापौर विल्यम हेल टॉमसन यांच्याकडे एक निवेदन आलें. टॉमसनसाहेब त्या वर्षीं निवडून आले होते ते शाळांतील इतिहासाच्या पुस्तकांवर रण माजवून. हीं पुस्तकें इंग्रजधार्जिणीं आहेत, मुलांना ‘अमेरिका प्रथम’ हेंच शिकविलें पाहिजे, असा त्यांचा घोष होता. तो ऐकून जे लोक पुढें आले त्यांची अपेक्षा मात्र महापौरांनीं केली नसावी. ते होते अमेरिकेच्या भूमीचे मूळचे रहिवासी. त्यांचें म्हणणें असें कीं, अमेरिकाच प्रथम म्हणावयाची तर खरे पहिले अमेरिकन आम्हीच आहों. तेव्हां आमच्याविषयींचें सत्यही मुलांच्या पुस्तकांत येऊं द्या.

निवेदन लहान, पण मर्मीं झोंबणारें होतें. गोऱ्यांचा विजय झाला म्हणजे पुस्तकांत ती ‘लढाई’ होते, आणि मूलनिवासी जिंकले म्हणजे तीच ‘कत्तल’ ठरते. आपल्या घरादारासाठीं शस्त्र उचलणारा गोरा तो देशभक्त. तेंच करणारा मूलनिवासी मात्र खुनी! या लोकांचे वक्ते, त्यांचे मुत्सद्दी, त्यांची कलाकुसर, त्यांचीं गाणीं यांचा पुस्तकांत पत्ताच नसतो. पहिल्या महायुद्धांत त्यांचे हजारों तरुण अमेरिकेच्या सैन्यांतून लढले, आणि त्यांतील पुष्कळांना तेव्हां त्या देशाचें नागरिकत्वही नव्हतें. सर्वांना तें मिळालें १९२४ सालीं. ही गोष्टही मुलांना कळावी, एवढीच त्यांची मागणी होती.

ही मागणी मुलांच्या पुस्तकांपुरती होती, म्हणून ती लहान मानण्याचें कारण नाहीं. प्रौढांच्या ग्रंथांत एखादें विधान चुकलें तर त्यास उत्तर देणारा दुसरा ग्रंथ निघतो. आठ-दहा वर्षांच्या मुलाला पुस्तकांतलें मत हें मत म्हणून भेटत नाहीं. जग असेंच आहे, या रूपानें तें त्याच्या मनांत शिरतें. कोलंबसाच्या चुकीमुळें ‘इंडियन’ हें एकच नांव पडलेल्या शेंकडों भिन्न जमातींचें एकच चित्र अशा पुस्तकांनीं जगभर नेलें: डोक्याला पिसें, हातांत कुऱ्हाड आणि तोंडीं आरोळी. मराठी घरांतील मुलांच्या कल्पनेंत वावरणारा ‘तांबडा इंडियन’ तो हाच. ओसेज, डकोटा, ओजिब्वे, प्वेब्लो हीं नांवें त्या चित्रांत कोठेंच नव्हतीं.

या परंपरेंतील अत्यंत लोकप्रिय, आणि म्हणूनच विशेष विचार करण्याजोगें पुस्तक म्हणजे लॉरा इंगल्स वाइल्डर यांचें ‘लिटल हाउस ऑन द प्रेअरी’, म्हणजे माळावरचें छोटें घर. तें १९३५ सालीं प्रसिद्ध झालें. लेखिकेचा जन्म १८६७ चा. त्या अगदीं लहान असतां त्यांचें कुटुंब कॅन्ससमध्यें जाऊन राहिलें होतें. त्या दिवसांवर ही कथा रचलेली आहे. बापानें ओंडके रचून उभारलेलें घर, रात्रीं त्यानें वाजविलेली फिडल, बाहेर लांडग्यांचें ओरडणें आणि आंत आईची ऊब, हें सारें इतक्या मायेनें लिहिलेलें आहे कीं, कित्येक पिढ्यांचीं मुलें मनानें त्या घरांत राहून आलीं.

परंतु तें घर ज्या जमिनीवर उभें होतें ती जमीन ओसेज लोकांची होती. तहान्वयें ती त्यांच्याकडे राखलेली होती, आणि तेथें वस्ती करण्याचा कायदेशीर अधिकार या कुटुंबाला नव्हता. तरीहि गोऱ्या वसाहतवाल्यांची रीघ थांबली नाहीं. शेवटीं १८७० सालीं अमेरिकेच्या काँग्रेसनें कायदा केला, चोहोंकडून कोंडीं सांपडलेल्या ओसेजांनीं जमीन विकण्यास संमति दिली, आणि ते दक्षिणेस, आजच्या ओक्लाहोमा संस्थानांत, निघून गेले. पुस्तकांतली लॉरा त्यांची लांबच लांब रांग दारावरून जातांना पाहते. त्यापूर्वीं एके रात्रीं तिनें बापाला याविषयीं विचारलेलें असतें. गोरे आले म्हणजे यांना पुढें सरकावें लागतें, एवढें तो सांगतो; ती अधिक विचारूं लागतांच तिला झोपावयास लावतो.

पहिल्या आवृत्तीच्या आरंभीं त्या प्रदेशाचें जें वर्णन होतें, त्याचा आशय असा कीं, तेथें माणसें नव्हतीं, केवळ इंडियन राहत. १९५२ मध्यें एका वाचकानें पत्र लिहून प्रकाशकांचें लक्ष या वाक्याकडे वेधलें. हार्पर प्रकाशनाच्या संपादिका अर्सुला नॉर्डस्ट्रॉम यांनीं तें लेखिकेस कळविलें. वाइल्डरबाई त्या वेळीं पंचाऐशींच्या घरांत होत्या. त्यांनीं आढेवेढे घेतले नाहींत. ही आपली मोठीच चूक झाली, इंडियन हीं माणसेंच आहेत, असें त्यांनीं कळविलें. १९५३ च्या आवृत्तीपासून ‘माणसें’ या शब्दाच्या जागीं ‘वसाहतकार’ हा शब्द आला.

एक शब्द बदलला आणि वाक्य खरें झालें. पण कथेचें काय? न्यायानें सांगावयाचें तर पुस्तकांत एकच सूर नाहीं. शेजारीण इंडियनांविषयीं विषारी बोलते, आईला त्यांची भीति वाटते, तर बाप त्यांच्यांतील शहाणपणाची कदर करतो. तथापि ओसेजांचें घर आंतून कसें असतें हें वाचकास दिसत नाहीं. एकाहि ओसेज मुलाला तेथें नांव नाहीं. १९९८ सालीं मिनेसोटा संस्थानांत हें पुस्तक वर्गांत वाचून दाखविलें जात असतां, त्यांतील द्वेषाचे बोल ऐकून डकोटा जमातीची एक लहान मुलगी रडत घरीं आली. इतर मुलांनीं जी गोष्ट ऐकली तीच तिनेंही ऐकली होती. फरक इतकाच कीं, त्या गोष्टींत इतर मुलें घराच्या आंत होतीं आणि ती बाहेर होती.

आंतून लिहिणारे कोणी नव्हतेच असें मात्र नाहीं. चार्ल्स ईस्टमन हे डकोटा जमातीचे डॉक्टर. १८९० सालीं वूंडेड नी येथील संहारांत घायाळ झालेल्यांची शुश्रूषा त्यांनीं केली. त्यांनीं आपल्या बाळपणाच्या आठवणी १९०२ मध्यें ‘इंडियन बॉयहूड’ या पुस्तकांत लिहिल्या. दुसरे ल्यूथर स्टँडिंग बेअर. १८७९ सालीं पेन्सिल्व्हेनियांत कार्लाइल येथें मूलनिवासी मुलांसाठीं शाळा निघाली. मुलांची भाषा, वेष आणि नांवें पुसून टाकणें हेंच तिचें धोरण होतें. स्टँडिंग बेअर हे तिच्या पहिल्या विद्यार्थ्यांपैकीं एक. फळ्यावर लिहिलेल्या अनोळखी अक्षरांच्या ओळींपैकीं एकीवर छडी टेंकवावयाची, आणि तेंच आपलें नांव! अशा रीतीनें ते ‘ल्यूथर’ झाले. १९३१ मध्यें त्यांनींहि आपल्या बाळपणाचें पुस्तक मुलांसाठीं लिहिलें.

अशीं पुस्तकें थोडीं होतीं. पाठ्यपुस्तकें आपल्या जुन्या वाटेनेंच चाललीं. कावीया जमातीचे रूपर्ट कॉस्टो व त्यांचे सहकारी यांनीं शाळांतून चालणारीं तीनशेंहून अधिक पुस्तकें तपासून १९७० सालीं आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला. त्यांतील एकाहि पुस्तकावर भरंवसा ठेवावा असें त्यांस आढळलें नाहीं. शिकागोच्या निवेदनास तेव्हां त्रेचाळीस वर्षें लोटलीं होतीं.

वाइल्डरबाईंच्या पुस्तकास खरें उत्तर मिळालें तें १९९९ सालीं, आणि तेंहि गोष्टीच्याच रूपानें. ओजिब्वे वंशाच्या लेखिका लुईझ अर्ड्रिक यांचें ‘द बर्चबार्क हाउस’ त्या वर्षीं निघालें. काळ १८४७ चा, स्थळ सुपीरियर सरोवरांतील एक बेट, आणि नायिका ओमाकायास नांवाची सात वर्षांची ओजिब्वे मुलगी. येथेंही घर बांधलें जातें, पण तें भूर्जाच्या सालीचें. येथेंही आजी आहे, खोडकर भाऊ आहे, हिंवाळ्याची बेगमी आहे. आणि गोऱ्यांबरोबर आलेली देवीची सांथ आहे, जी त्या घरांत मृत्यु घेऊन येते. ‘रिकाम्या’ प्रदेशांत कोण राहत होतें, हें सांगण्यासाठीं या लेखिकेला वादविवाद करावा लागला नाहीं.

पुढें पालट झपाट्यानें झाला. अमेरिकेंतील मुलांच्या ग्रंथपालांच्या संघानें वाइल्डर यांच्या नांवें १९५४ पासून चालविलेल्या पारितोषिकाचें नांव २०१८ मध्यें बदललें. तेव्हां मोठा वाद माजला. पुस्तकांवर बंदी नाहीं, हें संघाला स्पष्ट करावें लागलें. २०१९ मध्यें रॉक्सॅन डनबार-ऑर्टिझ यांच्या २०१४ च्या इतिहासग्रंथाची तरुण वाचकांसाठीं केलेली आवृत्ति आली. ती सिद्ध करणाऱ्या दोघींपैकीं डेबी रीस या नांबे प्वेब्लोच्या. राष्ट्राचा सबंध इतिहासच त्यांत मूलनिवाशांच्या बाजूनें मांडलेला आहे.

राष्ट्राच्या वैगुण्याची कथा कोवळ्या वयांत सांगितली तर देशप्रेम उणें होईल, अशी भीति पुष्कळ पालकांना वाटते. ती अगदींच निराधार म्हणतां येणार नाहीं. मुलाला आपल्या घराचा अभिमान वाटावयास हवाच. पण शिकागोला निवेदन करणाऱ्यांनीं देशाची निंदा मागितली नव्हती. त्याच देशासाठीं लढलेल्या आपल्या तरुणांचा उल्लेख त्यांनीं मागितला होता. लॉरानें रात्रीं विचारलेला प्रश्न दुष्ट नव्हता, आणि देशद्रोही तर मुळींच नव्हता. तो एका मुलीचा सरळ प्रश्न होता, आणि त्याला उत्तर देण्याइतकें मोठें होण्यास तिच्या राष्ट्राच्या पुस्तकांना फार वर्षें लागलीं. आतां तीं दोन्ही घरें, ओंडक्यांचें आणि सालीचें, एकाच फळीवर ठेवतां येतात. आणि दोन्ही वाचलेलें मूल तोच प्रश्न पुन्हा विचारील तेव्हां त्याला झोपावयास सांगण्याचें कारण उरणार नाहीं.