‘माझा प्रवास’ : झाशीच्या संहाराची एक साक्ष

गतवर्षीच्या वर्षावासात मंद्रूप येथील विहारात धम्मपदाच्या अट्ठकथेतील विडूडभाची कथा वाचण्याचा योग आला. शाक्यांच्या संहारातून वाचलेल्यांविषयी अट्ठकथाकार फार थोडे सांगतो. ज्यांनी तोंडात गवत धरले ते ‘तिणसाकिय’ आणि ज्यांनी नळ धरला ते ‘नळसाकिय’ म्हणून ओळखले गेले, एवढेच. त्यांच्यापैकी एकाचीही स्वतःची हकीकत आपल्यापर्यंत आलेली नाही. तेव्हा श्रोत्यांतील एका वृद्ध निवृत्त शिक्षकांनी विचारले, “कत्तलीतून वाचलेल्या माणसाने स्वतः लिहिलेले असे मराठीत काही आहे काय?”

पुढील बैठकीस मी विष्णुभट गोडसे यांचे ‘माझा प्रवास’ घेऊन गेलो. “भटजीचे पुस्तक विहारात कशाला?” असा प्रश्न एका तरुण उपासकाने लागलीच केला. प्रश्न रास्त होता.

गोडसे हे पेणजवळच्या वरसईचे. घरच्या कर्जाच्या विवंचनेतून, दक्षिणा मिळवण्याच्या आशेने, १८५७ मध्ये ते चुलत्यांसह उत्तरेकडे निघाले. त्यांना ना स्वातंत्र्ययुद्ध करावयाचे होते ना इतिहास लिहावयाचा होता. परंतु १८५८ च्या मार्चमध्ये सर ह्यू रोज याच्या फौजेने झाशीस वेढा दिला तेव्हा ते शहरात अडकले. ३ एप्रिल रोजी तट चढून गोरे सैनिक आत शिरले आणि पुढील काही दिवस झाशीत जे घडले ते या भिक्षुकाने लपूनछपून, जीव मुठीत धरून पाहिले. त्यासाठी त्यांनी वापरलेला शब्द ‘बिजन’ असा आहे. फारसीत त्याचा अर्थ ‘मार’ असा आज्ञार्थी होतो. सैनिकांना दिलेला हुकूमच मराठीत कत्तलीचे नाव होऊन बसला, ही गोष्ट भाषेच्या अभ्यासकाला अस्वस्थ करणारी आहे.

गोडसे यांच्या वर्णनाचे मोल त्यातील क्रमात आहे. लूट कशी झाली ते सांगताना आधी सोनेनाणे, मग तांब्यापितळेची भांडी, मग वस्त्रे, मग धान्य असा ते हिशेब देतात. हलवाईपुरा जळाला, माणसे गवताच्या गंजींत लपली, विहिरींत उतरली आणि तेथेही मारली गेली, हे ते आवाज न चढवता सांगतात. रस्त्यांवर प्रेतांच्या राशी रचून त्यांना अग्नी दिल्याचा मजकूर वाचताना मंद्रूपच्या बैठकीत कोणी बोलले नाही. आणि याच लेखकाला राजवाड्यातील हस्तलिखितांचा संग्रह नष्ट झाल्याचे दुःखही तितकेच होते. त्याबद्दल त्यांना हसणाऱ्यांपैकी मी नाही. नालंदेचा शोक करणाऱ्यांनी तर हसूच नये.

साक्षीची दुसरी बाजूही मांडली पाहिजे. ८ जून १८५७ रोजी याच झाशीच्या जोखन बागेत, शरण आलेल्या सुमारे साठ युरोपीय पुरुष, स्त्रिया व मुलांना ठार मारण्यात आले होते. रोजच्या फौजेने त्याचा सूड शहरातील ज्या लोकांवर उगवला, त्यांतील बहुतेकांचा त्या कृत्याशी काडीचाही संबंध नव्हता. विडूडभाने दूधपित्या मुलांनाही सोडले नाही असे अट्ठकथा सांगते, त्याची येथे आठवण होते.

आता पाठाविषयी. गोडसे यांनी ही हकीकत सुमारे पंचवीस वर्षांनी, चिंतामण विनायक वैद्य यांच्या आग्रहावरून मोडीत लिहिली. ती वैद्यांनी १९०७ मध्ये, लेखकाच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध केली. पण भाषा सुधारून, काही गाळून, काही आपले घालून. राजद्रोहाच्या आरोपाचे भय त्या काळी खरे होते, हे मान्य. तरीही पुढची जवळजवळ साठ वर्षे वाचकांनी साक्षीदार म्हणून ज्याला ऐकले, तो अर्धा संपादक होता. मूळ हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदार यांनी १९६६ मध्ये आवृत्ती काढली तेव्हा तो घरगुती, कोकणी वळणाचा, अडखळणारा आवाज प्रथम ऐकू आला. पालीचा विद्यार्थी मूळ गाथा आणि अट्ठकथा यांत जो भेद करतो तोच येथे करावा लागतो. मंद्रूपला मी पोतदारांचीच प्रत नेली होती.

राहिला तरुण उपासकाचा प्रश्न. गोडसे काडतुसांची हकीकत सांगतात तेथे मला डमडमची घटना आठवते. जानेवारी १८५७ मध्ये तेथील कारखान्यातील एका खालच्या मानलेल्या जातीच्या खलाशाने ब्राह्मण शिपायाकडे पाण्याचा तांब्या मागितला. शिपायाने तो नाकारला. तेव्हा गाईडुकरांच्या चरबीची काडतुसे दातांनी तोडशील तेव्हा तुझी जात कोठे राहील, असे खलाशी म्हणाला. हे सरकारी कागदपत्रांत नमूद आहे. शाक्यांच्या विनाशाचे मूळही असेच एका विटाळात सांगितले आहे. दासी नागमुंडेची कन्या वासभखत्तिया हिचा पुत्र ज्या आसनावर बसला, ते आसन शाक्यांनी दूधपाण्याने धुवून घेतले. दोन्ही युद्धांची कारणे एवढ्यातच संपतात असे मी म्हणणार नाही. तांब्याच्या गोष्टीने कंपनीचे राज्य स्पष्ट होत नाही. परंतु दोन्हीकडे नागमुंडा आणि तो खलाशी यांना स्वतःचा असा शब्द फारसा मिळत नाही.

झाशीच्या वृत्तांतातही तसेच होते. गोडसे ज्या घरांत राहिले, ज्यांच्या पंक्तीस बसले, त्यांची नावे देतात. शहराच्या कडेच्या वस्त्यांतील मेलेले लोक त्यांच्या लेखणीत आकार घेत नाहीत. कोरी समाजातील झलकारीबाईचे नाव मला या पानांत आढळले नाही. ते दूरवर पोहोचले १९४६ मध्ये, वृंदावनलाल वर्मा यांच्या हिंदी कादंबरीमुळे. टपाल खात्याने तिचे तिकीट काढले २००१ मध्ये. म्हणून गोडसे खोटे ठरत नाहीत. ते जेथून पाहत होते तेथून त्यांना जेवढे दिसले तेवढे त्यांनी लिहिले, आणि आपण कोठे उभे होतो हेही लपवले नाही. ही प्रामाणिकता सर ह्यूच्या खलित्यांत शोधूनही मिळत नाही.

तो तरुण उपासक पुढील बैठकीस वैद्यांची १९०७ ची आवृत्ती कोठूनतरी मिळवून घेऊन आला. हलवाईपुऱ्याची पाने आम्ही दोन्ही प्रतींतून, एक ओळ त्याने व एक मी, अशी वाचली. जेथे पाठ जुळत नव्हते तेथे त्याने पेन्सिलीने खूण केली. खुणा बऱ्याच झाल्या आहेत.