चावीच्या आधीची खुंटी

यांत्रिक खेळण्यांचा इतिहास लिहायला घेतला की लेखणी आपोआप युरोपकडे वळते. न्यूरेंबर्गचे पत्र्याचे कारखाने, चावी पिळली की चालू लागणारे शिपाई, लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबीनं 1901 साली पेटंट घेतलेला आणि पुढे ‘मेकॅनो’ म्हणून जगभर गेलेला पट्ट्या-स्क्रूंचा संच, ही त्या इतिहासातली ठरलेली स्थानकं. मराठी लेखक त्यात फार तर सावंतवाडीची भर घालतो. तिथल्या चिताऱ्यांच्या लाकडी खेळण्यांना संस्थानचा आश्रय मिळाला, बाजार मिळाला, म्हणून त्यांची नोंदही राहिली; पण त्यातली फळं, भाज्या, बाहुल्या, भातुकली हा बहुतांशी हातात घेऊन बघण्याचा माल आहे, स्वतः हलणारा नव्हे. या हिशेबात श्रीगोंदा तालुक्यातल्या काष्टीसारख्या गावाच्या वाट्याला उरते ती फक्त जत्रा. म्हणजे खेळणं दुसरीकडे घडणार आणि हे गाव ते विकत घेणार. हा हिशेब चुकीचा आहे असं मला वाटतं. घोड आणि भीमेच्या काठच्या या पट्ट्यात हलतं-फिरतं खेळणं रचण्याची स्वतःची रीत होती, आणि तिच्या मुळाशी चावी किंवा स्प्रिंग नव्हती. मुळाशी होती ती जाणूनबुजून सैल बसवलेली खुंटी.

काष्टीचं नाव आसपासच्या चार तालुक्यांत निघतं ते शनिवारच्या जनावरांच्या बाजारामुळे. ज्या मुलखाचं सगळं अर्थकारण बैलाच्या खांद्यावर उभं होतं, तिथल्या पोरांचं पहिलं खेळणं बैलगाडी असावं यात नवल नाही. नवल आहे ते ती गाडी कशाची करत याचं. ज्वारीचं वाळलेलं धाट घ्यायचं, त्याची वरची टणक साल नखानं किंवा दातानं लांब लांब सोलायची. आत पांढरं, हलकं भेंड उरतं. भेंडाचे तुकडे म्हणजे या कामातलं लाकूड आणि सालीच्या टोकदार चोया म्हणजे खिळे. चोय भेंडात खुपसली की भेंड तिला घट्ट धरून ठेवतं. ना डिंक लागतो, ना दोरा. चार चोया टोचल्या की बैलाचे पाय झाले, दोन वाकवून लावल्या की शिंगं. दांडी, जू, साटा सगळं याच जोडणीनं उभं राहतं. खरी कसोटी चाकाशी लागते. तिथे घट्ट सांधा नको, फिरता हवा. म्हणून पोरगं चाकाच्या मधल्या तुंब्यातली चोय पुन्हा पुन्हा फिरवून छिद्र सैल करतं आणि चाक निसटू नये म्हणून बाहेरच्या टोकाला भेंडाचा आणखी एक बारका तुकडा खोचतं. एकाच वस्तूपासून दोन प्रकारचे सांधे, एक न हलणारा आणि एक हलणारा, आणि कुठे कोणता हवा याचा निर्णय आठ-नऊ वर्षांच्या मुलाचा. याला यंत्ररचना म्हणायचं नाही तर कशाला म्हणायचं?

ही रीत किती जुनी, याचा थेट पुरावा मिळणार नाही, कारण धाटाची गाडी पुढच्या पावसाळ्यापर्यंतही टिकत नाही. पण खुंटीच्या सांध्याचा माग इथे फार मागे जातो. काष्टीपासून जवळच, घोडनदीच्या पलीकडे शिरूर तालुक्यात इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजनं 1968 पासून पुढे तिथे जे उत्खनन केलं, त्यात जोर्वे काळातल्या, म्हणजे तीन हजार वर्षांहून जुन्या, एका घराच्या जमिनीखाली कच्च्या मातीची झाकणाची डबी सापडली. डबीत एक मस्तकहीन स्त्रीमूर्ती, झाकणावर तशीच दुसरी, आणि सोबत एक बैल. झाकणावरच्या मूर्तीच्या पोटाला छिद्र आहे आणि बैलाच्या पाठीलाही. दोन्हींत एक काडी घातली की देवी बैलावर बसते, काढली की उतरते. काष्टीच्याच जिल्ह्याच्या दुसऱ्या बाजूला, प्रवरेच्या काठी दायमाबादला, 1974 साली एका शेतकऱ्याला खणताना कांस्याच्या चार भरीव वस्तू मिळाल्या: दोन बैल जुंपलेला आणि उभा सारथी असलेला 45 सेंटिमीटर लांबीचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा. हत्ती ज्या पाटावर उभा आहे त्याच्या खाली आख ओवण्यासाठी छिद्रं ठेवलेली आहेत. त्याची चाकं हरवली आहेत. गेंडा आणि रेडा मात्र अजून आपापल्या चाकांवर उभे आहेत.

इथे पुरातत्त्वाचा अभ्यासक हात वर करणार, आणि त्याचा आक्षेप हलका नाही. या चार वस्तूंचं मिळून वजन साठेक किलो भरतं. एवढं कांस्य मुलाच्या हाती कोण देईल? मधुकर ढवळीकरांसारख्या जाणकारांनी या वस्तूंचा संबंध धार्मिक विधीशी, मिरवणुकीशी जोडला आहे. काळाबद्दलही एकमत नाही. धातूत सापडलेल्या आर्सेनिकवरून त्या हडप्पाकाळाच्या नसाव्यात असंही म्हटलं गेलं. इनामगावची डबी तर उघडच पूजेची. हे सगळं मान्य करूनही माझा मुद्दा ढळत नाही, कारण मी या वस्तूंना खेळणी म्हणत नाही. मी त्यांच्या सांध्यांकडे बोट दाखवतो आहे. शिवाय पूजेची वस्तू आणि खेळायची वस्तू यांच्यात आपण जी भिंत घालतो ती ग्रंथालयातली आहे, घरातली नव्हे. पोळ्याला ज्यांच्या दावणीला बैल नाही ते मातीच्या बैलांना हळदकुंकू वाहतात, आणि पूजा झाली की तेच बैल पोरांच्या हाती जातात. विदर्भात तान्ह्या पोळ्याला चाकं लावलेला लाकडी नंदी मुलं दोरीनं ओढत नेतात. नागपूरच्या दुसऱ्या रघुजी भोसल्यांनी 1806 साली ही प्रथा सुरू केली असं तिथली परंपरा सांगते. तो नंदी देव की खेळणं, असा प्रश्न दोरी धरलेल्या मुलाला पडत नाही. दायमाबादच्या कारागिरानं पाटाखाली छिद्र पाडताना जो हिशेब केला, तोच नंदीला चाकं बसवणाऱ्या सुताराला करावा लागतो: आख किती जाड, छिद्र किती मोठं, चाक कुठे अडकेल.

दुसरा आक्षेप मला अधिक महत्त्वाचा वाटतो. कुणी म्हणेल, ही सगळी नक्कल आहे. मोठी गाडी समोर होती, तिची लहान प्रत केली, यात शोध कसला? याला एक उत्तर मेक्सिकोतून मिळतं. 1880 साली देझिरे शार्ने या फ्रेंच संशोधकाला तिथे एका जुन्या दफनात चाकांवरचे मातीचे प्राणी सापडले, आणि पुढे इतरत्रही सापडत गेले. त्या देशात स्पॅनिश लोक येईपर्यंत गाडी नव्हती, गाडी ओढणारं जनावरही नव्हतं. चाक होतं ते एवढ्याशा मातीच्या कुत्र्याखाली. म्हणजे लहान चाकाला मोठ्या चाकाची आई लागतेच असं नाही. दुसरं उत्तर घरातलंच आहे. खऱ्या गाडीला लोखंडी आख, लाकडी आरे, वर तापवून चढवलेली धाव आणि वंगण लागतं. धाटाच्या गाडीत यातलं काहीच चालत नाही. आकार तेवढा उचलता येतो, सांधे नव्यानं शोधावे लागतात. मोहेंजोदडोच्या मातीच्या बैलाची मान वेगळी करून दोऱ्यानं डोलती ठेवणाऱ्यानं कोणत्या खऱ्या बैलाची नक्कल केली होती?

सुताराच्या हातचा सर्वांत सुबक पुरावा म्हणजे पांगुळगाडा. मराठी घरात तो इतका ओळखीचा की त्याच्याकडे रचना म्हणून कुणी बघत नाही. तीन चाकं, एक उभी चौकट, धरायला आडवी दांडी, बहुतेक सांधे खाच आणि खुंटीचे. चाकं तीनच का? शेणानं सारवलेली जमीन सपाट नसते. चार चाकांतलं एखादं अधांतरी राहतं आणि गाडा डुगडुगतो. तीन चाकं मात्र कशाही जमिनीवर एकाच वेळी टेकतात. पाय न सावरलेल्या मुलाच्या हाती डुगडुगणारी वस्तू देणं म्हणजे त्याला पाडणं. चाकाचं भोकही तोलून पाडावं लागतं. फार सैल झालं तर गाडा पुढे पळतो आणि मूल तोंडावर आपटतं. जरा आवळ राहिलं तर मूल ढकलेल तेवढाच सरकतो, आणि वर करकरतो, जे मुलाला आवडतं आणि आईला स्वयंपाकघरातून ऐकू येतं. बैलगाडीत जे घर्षण वंगण लावून घालवायचं, तेच इथे मुद्दाम राखायचं. एकाच सुतारानं एकाच सांध्याचे दोन उलटे उपयोग करावेत, हे मला पत्र्याच्या चावीवाल्या शिपायापेक्षा कमी दर्जाचं डोकं वाटत नाही.

मात्र इथे थांबून गावाची आरती ओवाळायची नाही. चिपाडाच्या गाडीचं कौतुक करताना आपण नकळत गरिबीचंच कौतुक करू लागतो, हा आरोप बहुधा खरा असतो. ही रचना खुंटीपर्यंत आली आणि शतकानुशतकं तिथेच थांबली. शक्ती साठवून ठेवणारी पिळलेली पोलादी पट्टी किंवा ती शक्ती पुढे पोचवणारी दातेरी चक्रांची माळ तिनं खेळण्यात आणली नाही. याची कारणं बुद्धीत नाहीत, गावाच्या घडणीत आहेत. बलुतं ठरलेलं होतं. औतं आणि गाड्या धडधाकट ठेवण्याबद्दल सुताराला वर्षाचं धान्य मिळे. नवं खेळणं रचलं म्हणून त्यात पायलीची भर पडत नसे. लाकूड सुताराकडे, लोखंड लोहाराकडे, आणि दोन्ही कामं एका हातात क्वचितच येत. पोरांकडे यातलं काहीच नव्हतं, भेंड होतं. आणि पोरं म्हणजे बहुधा मुलगेच. मुलींच्या खेळात भातुकली आणि बाहुली आली, चाक फारसं आलं नाही. चावीच्या खेळण्याला पोलाद, छाप्याचे साचे आणि पैसे मोजणारा बाप लागतो. दौंड-मनमाड लोहमार्ग 1878 साली सुरू झाल्यावर बाहेरचा माल या मुलखाजवळून धावू लागला, पण खेळण्यावर रोख पैसा खर्च करणारी घरं मोजकीच होती. जत्रेत जे सर्वांना परवडलं ते पुन्हा साधंच होतं. पाण्यात फटफट करत फिरणारी पत्र्याची बोट बघा: 1891 साली तोमा प्योनं ब्रिटनमध्ये तिचं पेटंट घेतलं. आत ना स्प्रिंग ना चक्र. दिव्याच्या आचेनं छोट्या टाकीतल्या पाण्याची वाफ होते, नळीतलं पाणी बाहेर ढकललं जातं, वाफ निवली की परत आत ओढलं जातं. पत्रा कापून डाग देता येणाऱ्याला ती जमते, म्हणूनच ती आपल्या जत्रांत रुजली.

सांध्याची ही परंपरा जाणीवपूर्वक पुढे नेली ती अरविंद गुप्तांनी. आयआयटी कानपूरचे अभियंता, पुण्यात टेल्कोत नोकरी. 1978 साली ते होशंगाबादच्या विज्ञानशिक्षण कार्यक्रमात गेले आणि तिथे त्यांनी आगकाड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी यांपासून आकृत्या जोडण्याची रीत बसवली. नळीचे दोन तुकडे एकमेकांत अडकवायला भोक पाडायचं ते बाभळीच्या काट्यानं. रबरी सांधा वाकतो, म्हणून चौकोन दाबला की तिरका होतो आणि त्रिकोण होत नाही, हे मुलाच्या बोटांना कळतं. पुढे पुण्यात आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान केंद्रातून अशी शेकडो खेळणी शाळांपर्यंत गेली. त्यांच्या कामाकडे टाकाऊतून टिकाऊ म्हणून बघितलं जातं, ते मला अपुरं वाटतं. भेंडाचा घट्ट सांधा आणि तुंब्याचा फिरता सांधा यांच्या जोडीला त्यांनी तिसरा, लवचीक सांधा दिला, हे त्यांचं रचनाकार म्हणून खरं काम.

आता शेतातून बैल कमी होत गेले, ऊस ट्रॅक्टरमागच्या दोन दोन ट्रॉल्यांतून कारखान्याला जातो, आणि पोरांच्या खेळण्यात जेसीबी आला आहे. शाळांच्या विज्ञान प्रदर्शनात पुठ्ठ्याचा जेसीबी हटकून असतो. त्याचा हात आडव्या काड्यांवर फिरतो, म्हणजे सांधा तोच जुना. पण तो उचलण्याचं काम सलाईनच्या नळीनं जोडलेल्या, पाण्यानं भरलेल्या दोन सिरिंजा करतात. एकीचा दट्ट्या दाबला की दुसरीचा बाहेर येतो. दाबायची सिरिंज बारीक आणि उचलायची जाड घेतली तर जोर वाढतो, पण हात थोडाच वर जातो. उलट केलं तर हात उंच जातो आणि ओझं पेलत नाही. दाबलेलं पाणी हाताळणारं हे या पट्ट्यातल्या पोरांचं पहिलंच खेळणं असावं, आणि कोणती सिरिंज कुठे लावायची हे ती अजून पुठ्ठा फाडून फाडूनच ठरवतात.